‘विंडोज उडालंय’ हे निदान नाही

लॅपटॉपचे बटण दाबले की दिवा लागतो, पंखा घरघरतो, कंपनीचे चिन्ह उमटते, त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहते आणि शेवटी निळा पडदा येतो किंवा नुसता अंधार. दोन दिवस असे झाले की मालक तो पिशवीत घालून दुकानात नेतो. काउंटरवरचा तंत्रज्ञ एकदा चालू करून बघतो, पुन्हा एकदा बघतो आणि निकाल देतो : ‘काका, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावा लागेल.’ लॅपटॉप सात-आठ वर्षांचा असला तर निकालाला पुरवणीही मिळते : ‘खरं सांगू का, याच्यात आता पैसे घालू नका. नवीनच घ्या.’

ही दोन वाक्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ऐकू येतात, पुण्याच्या तापकीर गल्लीत ऐकू येतात आणि तालुक्याच्या गावी एसटी स्टँडासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातही ऐकू येतात. ती इतकी सरावाची झाली आहेत की ऐकणाऱ्याला तो जाणकाराचा सल्ला वाटतो. पण ही वाक्ये उच्चारली जातात तेव्हा यंत्राला नेमके काय झाले आहे, हे बहुतेक वेळा कोणी पाहिलेलेच नसते. या लेखाचा वाद त्याच्याशी आहे. ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकणे हा चांगला आणि कधी कधी अपरिहार्य उपाय आहे. मात्र तपासणी टाळून तो केला की रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते, आणि त्या औषधात मालकाची दहा वर्षांची कागदपत्रे वाहून जातात.

फॉरमॅटच्या बाजूने पहिले कारण सांगतात ते असे : ‘एकदा पुसून नवीन टाकलं की सगळे प्रॉब्लेम जातात.’ हे खरे मानायचे तर लॅपटॉप सुरू न होण्याचे कारण दर वेळी विंडोजच्या फायलींतच असायला हवे. बटण दाबल्यापासून पासवर्ड विचारला जाईपर्यंत काय घडते ते पाहिले तर असे मानता येत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस, म्हणजे नव्या यंत्रांतला यूईएफआय, जागा होतो. तो रॅम आहे का ते बघतो, डिस्क शोधतो आणि तिच्यावरच्या बूटलोडर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमच्या हाती सूत्रे देतो. बूटलोडर विंडोजचा गाभा रॅममध्ये आणतो, गाभा ड्रायव्हर उचलतो आणि मग कुठे लॉगिनचा पडदा दिसतो. यातली कोणतीही कडी निखळली तरी मालकाला दिसते ते एकच : लॅपटॉप सुरू होत नाही. फॉरमॅट दुरुस्त करतो त्या शेवटच्या दोन-तीन कड्या. आधीच्या कड्यांना त्याचा हातही लागत नाही.

मदरबोर्डवरचा सेल घ्या. सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा चपटा गोल सेल अनेक जुन्या लॅपटॉपांत घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसची सेटिंग जपतो. पाच-सात वर्षांनी तो मरतो. मग लॅपटॉप बंद करून ठेवला की तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षात जाते आणि काही यंत्रांत सेटिंगही कारखान्यातून आली तशी होतात. त्या सेटिंगांत डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे, याचीही एक नोंद असते. विंडोज टाकताना तिथे एएचसीआय असेल आणि आता तिथे रेड झाले असेल, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. निळा पडदा येतो आणि त्यावर बूट डिव्हाइस मिळत नसल्याचा संदेश असतो. विंडोज मात्र शाबूत असते. उपाय दोनच : ती एक सेटिंग परत जागेवर नेणे आणि सेल बदलणे. यात फॉरमॅट मारला तर बदललेल्या सेटिंगवर नवे विंडोज बसते, लॅपटॉप सुरू होतो आणि फॉरमॅटमुळेच बरे झाले असे सगळ्यांना वाटते. पण सेल मेलेलाच असतो, तारीख पुन्हा मागे जाते आणि तीच पिशवी त्याच दुकानात येते.

रॅमचेही तसेच. रॅमची पट्टी खाचेत सैल झाली किंवा तिच्यातला एखादा भाग निकामी झाला, तर यंत्र कधी सुरू होते, कधी होत नाही, कधी मध्येच निळे पडते. अशा रॅमवर विंडोज टाकायला घेतले तर पेनड्राइव्हमधल्या फायली त्याच नादुरुस्त रॅममधून डिस्कवर जातात आणि काही वाटेतच बिघडतात. इन्स्टॉलेशन मध्येच थांबते, किंवा पूर्ण होऊनही चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. रॅम तपासणारे साधन विंडोजमध्येच आहे, मेमटेस्ट फुकट मिळते आणि रात्रभर लावून ठेवले की सकाळी उत्तर पडद्यावर असते.

सगळ्यांत गंभीर गोष्ट डिस्कची. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क मरायला लागते तेव्हा बहुधा हळूहळू मरते. काही सेक्टर वाचता येईनासे होतात आणि ते विंडोजच्या फायलींखालचे असले तर सिस्टीम सुरू होताना अडकते. बाहेरून पाहणाऱ्याला हे विंडोज बिघडल्यासारखेच दिसते. २००७ साली गुगलच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदी अभ्यासून एक निबंध प्रसिद्ध केला. वाचनतपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यांना आढळले. म्हणजे पहिली चूक दिसली की फायली बाहेर काढण्यासाठी उरलेले दिवस मोजकेच असू शकतात. त्या दिवसांत तंत्रज्ञ काय करतो? त्याच डिस्कवर विंडोजच्या कित्येक जीबी फायली लिहितो, मग अपडेटचे आणखी काही जीबी उतरवतो आणि मरत्या डिस्कला आयुष्यातले सगळ्यांत जड काम लावतो. हे लिखाण कुठे होते, तर मालकाच्या फायली जिथे होत्या तिथे.

डिस्क आधी तपासायला फार मोठी विद्या लागत नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते आणि तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकटचा प्रोग्रॅम ती नोंद अर्ध्या मिनिटात दाखवतो. विंडोज सुरूच होत नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करूनही ती पाहता येते. बदलून दिलेले सेक्टर किती आणि बदलण्याच्या रांगेत किती, हे दोन आकडे पाहिले तरी पुष्कळ कळते. एक सावधगिरी मात्र हवी. गुगलच्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या प्रमुख सूचकांमधून आधी काहीच इशारा दिला नव्हता. म्हणून आकडे चांगले दिसले तरी फायली आधी बाहेर काढायच्याच. आकडे वाईट दिसले तर फॉरमॅटचा विषय तिथेच थांबवायचा.

बिघडलेल्या फायलीसाठी सगळे पुसावे लागते का, याचे उत्तर १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगाला मिळाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन प्रणालीसाठी पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली आणि पुन्हा पुन्हा सुरू होऊन पडत राहिली. विमानतळ, बँका, रुग्णालये अडली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. ‘विंडोज उडालंय’ या वर्णनाला इतकी तंतोतंत बसणारी घटना दुसरी सापडणार नाही. मग ती यंत्रे फॉरमॅट करत सुटले का? उपाय असा जाहीर झाला : यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करा, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती एक सदोष फाइल काढून टाका, पुन्हा सुरू करा. फाइलचे नावही जाहीर झाले. लाखो यंत्रे एक फाइल पुसून उठून बसली, कारण यंत्र कशामुळे पडले हे आधी कोणी तरी शोधले होते.

यावर दुकानदारांचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते ऐकून घेण्यासारखे आहे. ते म्हणतात, मोठ्या कंपनीकडे माणसे असतात. आमच्याकडे दिवसाला दहा लॅपटॉप येतात, प्रत्येकावर दोन तास घालवले तर दुकान चालायचे कसे? ग्राहक तपासणीचे पैसे देत नाही, काम झाल्याचे देतो. यात तथ्य आहे. टीव्ही, मिक्सर, मोटरसायकल, सगळीकडे हीच तक्रार आहे. पण हिशेब नीट मांडला तर फॉरमॅटने वाचलेला वेळ नाहीसा होत नाही, दुकानदाराच्या अंगावरून ग्राहकाच्या अंगावर जातो. घरी गेल्यावर प्रिंटर चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर नसतो. ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड गेलेले असतात. हिशेबाच्या टॅली प्रोग्रॅमचे लायसन्स पुन्हा सुरू करावे लागते. आठवडा यातच जातो. तपासणीसाठी वेगळे पैसे मागणे हा त्यावर सरळ मार्ग आहे आणि ग्राहकाने ते द्यायला हवेत. न तपासता पुसणे हा मार्ग होऊ शकत नाही.

दुसरे उत्तर जास्त धोक्याचे आहे, कारण ते धीर देणाऱ्या सुरात येते : ‘डेटाची काळजी करू नका, फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट होईल, डी ड्राइव्हला हात लावत नाही.’ आपल्याकडे एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून देण्याची पद्धत खोलवर रुजली आहे, त्यामुळे हे वाक्य ग्राहकाला पटते. पण डेस्कटॉप कुठे असतो? सीमध्ये. डॉक्युमेंट, पिक्चर, डाउनलोड ही फोल्डर? तीही सीमध्येच, मालकाने मुद्दाम हलवली नसतील तर. फोनमधून घाईघाईने उतरवलेले लग्नाचे फोटो, मुलीच्या प्रवेशासाठी स्कॅन केलेले दाखले, बँकेची स्टेटमेंट, सातबाऱ्याच्या पीडीएफ, सगळे डेस्कटॉपवर नाही तर डाउनलोडमध्ये पडलेले असते. टॅली ईआरपी ९ टाकताना वेगळी जागा सांगितली नसेल तर तिचा डेटा सी ड्राइव्हवरच्या टॅलीच्या फोल्डरातच साठतो. व्यापाऱ्याची काही वर्षांची वहीच तिथे असते. आणि डी ड्राइव्ह वेगळा असला तरी डिस्क तीच आहे. डिस्क मरत असेल तर सी आणि डी दोन्ही तिच्याबरोबर जातात.

मराठीत काम करणाऱ्यांचे एक नुकसान तर या वाक्यात कधी मोजलेच जात नाही. ते अक्षरांचे आहे. युनिकोड रुळण्याआधी, आणि रुळल्यानंतरही कित्येक वर्षे, मराठी डीटीपीचे काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत, सी-डॅकच्या आयएसएममध्ये, कृतिदेवसारख्या फॉन्टांत होत आले. या जुन्या पद्धतीत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फॉन्ट यंत्रात असेल तरच मजकूर मराठी दिसतो, नाही तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पाला पसरतो. हे फॉन्ट राहतात विंडोजच्या फोल्डरात, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये. समजा एखाद्या छापखान्याच्या लॅपटॉपवर दहा वर्षांच्या दिवाळी अंकांच्या फायली डी ड्राइव्हवर सुखरूप आहेत. सी फॉरमॅट झाला, फॉन्ट गेले, मूळ सीडी हरवलेली आणि लायसन्सची जुनी चावी नव्या सिस्टीमवर चालत नाही. फायली आहेत, वाचता मात्र येत नाहीत. तंत्रज्ञाने दिलेला शब्द पाळलेला असतो, डी ड्राइव्हला खरोखर हात लावलेला नसतो.

गेलेले परत आणता येईल का? इथे जुन्या समजुतीने घात होतो. तबकडीच्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट केला तर पुसली जाते ती मुख्यतः फायलींची यादी. मजकूर त्यावर नवे लिहिले जाईपर्यंत तिथेच असतो आणि बऱ्याचदा वाचवता येतो. तबकड्या नसलेल्या एसएसडीचे तसे नाही. विंडोज ७ पासून फॉरमॅट करताच एसएसडीला सांगितले जाते की हे सगळे कप्पे आता रिकामे धर. त्याला ट्रिम म्हणतात. त्यानंतर एसएसडी ते कप्पे स्वतःहून साफ करते आणि साफ झालेले कोणतीही प्रयोगशाळा परत आणत नाही. ‘रिकव्हरी करून देतो’ हे आश्वासन २०१० सालच्या लॅपटॉपला लागू होते. एसएसडी बसवलेल्या लॅपटॉपला बहुधा नाही.

मग पुनर्स्थापना, म्हणजे सिस्टीम नव्याने टाकणे, कधी करावी? व्हायरस इतका आत गेला असेल की कोणती फाइल चांगली हे सांगता येत नाही, तेव्हा करावी. लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा असेल तेव्हा करावी. डिस्क बदलली असेल तेव्हा करावीच लागते. अपडेट अर्ध्यात तुटून सिस्टीमच्या फायलींचा खेळखंडोबा झाला असेल आणि दुरुस्तीचे सगळे उपाय थकले असतील, तेव्हाही तीच योग्य. या चारही प्रसंगांत एक गोष्ट आधीच ठाऊक असते : आपण हे का करतो आहोत.

नीट करायची तर पद्धतही ठरलेली आहे. सगळ्यांत आधी फायली बाहेर. विंडोज सुरू होत नाही म्हणजे फायली गेल्या, असे अजिबात नाही. लिनक्स मिंट किंवा उबंटूचा बूटेबल पेनड्राइव्ह लावायचा, काहीही इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून सुरू करायचे आणि फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवायच्या. किंवा डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडायची. डिस्क दुखरी असेल तर एकेक फाइल उचलत बसण्यापेक्षा डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत काढावी. अशा डिस्कवर चेकडिस्क ही विंडोजमधली तपासणी चालवण्याची घाई करू नये, कारण तीही तिला राबवते. आणि एक कुलूप आधीच तपासावे. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की डिस्क आपोआप बिटलॉकरसारख्या पद्धतीने कुलूपबंद होते, मालकाला ते माहीतही नसते. मग ४८ अंकी किल्लीशिवाय फायली बाहेर काढता येत नाहीत. ती बहुधा मालकाच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, फक्त कोणी तरी तिथे जाऊन पाहावे लागते. क्राउडस्ट्राइकच्या गोंधळात कित्येक कार्यालयांचे काम याच किल्ल्या शोधण्यात अडकले होते.

फायली हाती आल्या की दुरुस्ती. सुरू होता होता लागोपाठ अडकले की विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. त्यात स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचे अपडेट काढून टाकणे आहे, जुन्या रिस्टोअर पॉइंटवर जाणे आहे, सेफ मोड आहे. त्यानेही जमले नाही तर ‘फायली ठेवून रीसेट’ हा मधला मार्ग आहे. तो प्रोग्रॅम काढतो, मालकाची फोल्डर ठेवतो. अगदी नव्याने टाकायची वेळ आली तरी पार्टिशन फॉरमॅट न करता टाकता येते. तेव्हा जुने सगळे विंडोज ओल्ड नावाच्या फोल्डरात सरकते. मात्र ते फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप नाहीसे होते, म्हणून त्यावर विसंबून राहू नये.

लायसन्सच्या बाबतीत तर दुकानात उघड अन्याय चालतो. ‘ओरिजिनल विंडोजचे वेगळे पैसे पडतील, नाही तर क्रॅक टाकून देतो’ असे सांगितले जाते. पण विंडोज ८ आले तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच लायसन्सची किल्ली कोरलेली असते. विंडोज १० पासून तर एकदा खरी प्रत सक्रिय झाली की त्या यंत्राची नोंद मायक्रोसॉफ्टकडे राहते. तीच आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून टाकली, इंटरनेट जोडले, की सिस्टीम आपोआप खरी ठरते. मालकाने लॅपटॉप घेतानाच ते पैसे भरलेले आहेत. त्याच्या हक्काची प्रत पुसून त्या जागी क्रॅक टाकणे ही फसवणूक आहे, आणि धोकाही. स्टॉप नावाने ओळखले जाणारे, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस अशाच क्रॅकमधून घराघरांत पसरले. दुरुस्तीला नेलेले यंत्र आजार घेऊन परत येते.

आता पुरवणीकडे वळू : ‘जुना झालाय, नवीनच घ्या.’ या सल्ल्याला अलीकडे नवे बळ मिळाले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि, इंटेलचा असेल तर, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या मध्याआधीचे जवळजवळ सगळे लॅपटॉप बाहेर राहतात. कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज दिला होता की यामुळे जगातले सुमारे २४ कोटी संगणक मोडीत निघू शकतात. यातल्या कित्येक यंत्रांचा पडदा, कीबोर्ड, प्रोसेसर ठणठणीत आहे. ती बिघडलेली नाहीत, यादीतून वगळलेली आहेत.

आधार नसलेली सिस्टीम इंटरनेटवर वापरणे धोक्याचे आहे, हे मान्यच. म्हणून ‘चालतंय तोवर चालवा’ हा सल्लाही चुकीचा, आणि टीपीएमची अट चुकवून जबरदस्तीने विंडोज ११ टाकून देणे, जे आता अनेक दुकानांत चालते, तेही ग्राहकाला न सांगता करणे गैर आहे. अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच अशी हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः स्पष्ट केले आहे. नोंदणी केलेल्या घरगुती विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची सोय कंपनीने केली. त्यापुढचा पक्का रस्ता लिनक्सचा आहे. लिनक्स मिंट दोन जीबी रॅमवर सुरू होते, चार जीबीवर बरे चालते, मराठीत वापरता येते, युनिकोड मराठीसाठी त्यात इनस्क्रिप्ट कळफलक आहे आणि त्याला लायसन्सचे पैसे पडत नाहीत. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर चालतात. तिथली काइट ही संस्था उबंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती शाळांना पुरवते आणि मुले मल्याळममधून त्यावर शिकतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस ही भारतीय लिनक्स प्रणालीही आहे. मर्यादा सांगायला हव्यातच : टॅली, श्री-लिपी, काही सरकारी संकेतस्थळांवरची डिजिटल स्वाक्षरी यांना विंडोजच लागते. पण पत्रे लिहिणे, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट, चित्रपट, मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल, आणि बहुतेक घरांत तेवढेच असते, तर लॅपटॉप फेकायचे काही कारण नाही.

‘जुना म्हणून स्लो’ हेही बहुतेक वेळा अर्धसत्य असते. २०१४ किंवा २०१६ चा लॅपटॉप रडत चालतो तो प्रोसेसरमुळे कमी आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमुळे जास्त. अडीच इंची जागेत बसणारी साधी साटा एसएसडी सलग वाचताना सेकंदाला सुमारे पाचशे एमबी वाचते. तबकडी विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना एक एमबीच्याही खाली येते, आणि सिस्टीम सुरू होताना बरेचसे काम अशाच फायलींचे असते. त्या डिस्कवर दहा वेळा विंडोज टाकले तरी ती चार दिवस जरा हलकी वाटते आणि मग पुन्हा तशीच होते. डिस्क बदलून एकदा टाकले तर यंत्राला चार-पाच वर्षे मिळतात. आणि जुनी डिस्क मालकाच्या हातात जशीच्या तशी राहते, हा त्यातला सगळ्यांत मोठा फायदा : एकही फाइल न पुसता नवी सिस्टीम.

आणि फेकलेला लॅपटॉप कुठे तरी जातोच. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने निघालेल्या २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला. बाकीच्यातला बराचसा आपल्यासारख्या देशांत तारा जाळून तांबे काढणाऱ्यांच्या हाती आणि त्यांच्या फुप्फुसांत जातो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. पण हक्क कागदावर येऊन भागत नाही. दुरुस्तीच्या काउंटरवर दोन मिनिटांत ‘नवीनच घ्या’ म्हटले जात असेल तर तो हक्क तिथेच संपतो.

आधी तपासून मग दुरुस्त करणारे तंत्रज्ञ महाराष्ट्रात आहेत. लॅपटॉप उघडण्याआधी ‘यात महत्त्वाचं काय आहे?’ असे विचारणारे, डिस्कचा अहवाल ग्राहकासमोर उघडून दाखवणारे, ‘याला फॉरमॅटची गरज नाही’ म्हणून फक्त सेलचे पैसे घेणारे. त्यांचे दुकान मोठे नसते, पण त्यांच्याकडे लोक लांबून येतात. ग्राहकाने त्यांची तपासणीची फी घासाघीस न करता द्यावी. इतर दुकानदारांनी दोन कामे आजपासून करावीत : प्रत्येक लॅपटॉपच्या पावतीवर डिस्कची आणि रॅमची तपासणी झाली का ते लिहावे, आणि फॉरमॅटपूर्वी बॅकअप घेतला की नाही याच्या नोंदीवर ग्राहकाची सही घ्यावी.

आणि ज्यांचा लॅपटॉप आज सुरू होत नाही, त्यांनी दुकानात ‘काय येईल खर्च?’ विचारण्याआधी ‘काय झालंय आणि ते तुम्हाला कशावरून कळलं?’ असे विचारावे. डिस्कचा अहवाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, आणि आपल्या फायली दुसऱ्या डिस्कवर प्रत्यक्ष उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नये.